हातचं न राखणारी

आमच्या राजापूरकडच्या घरात सगळ्यात कमी मान पन्हळीला. तुळशीपुढे रोज दिवा लागे, उंबऱ्याला हळदकुंकू मिळे, दिवाळीत गोठ्याच्या दारातही पणती असे. पन्हळीकडे मात्र वर मान करून कुणी बघत नसे. ती गळायला लागली की बघायचं, आणि 'मेली पुन्हा गळतेय' एवढंच तिच्या वाट्याला यायचं.

पुढच्या पडवीच्या कौलांखाली, वाशांच्या टोकांना मारलेल्या लोखंडी आकड्यांत ती पहुडलेली असे. तीस फूट लांब, सहा इंच रुंद, अर्धगोल, पत्र्याची. तरुणपणी चकचकीत असावी. मी पाहिली तेव्हा खाऱ्या वाऱ्याने तिच्या अंगावरचं जस्त खाल्लं होतं, तांबूस चट्टे उठले होते आणि तीन जागी डांबराची ठिगळं होती. पावसाळा सोडून आठ महिने तिला काम नसे. तेवढ्या काळात चिमण्या तिच्यात काड्या आणून टाकत, फणस आपली पानं तिच्या पदरात घाली, आणि कधीतरी पिंपळाचं एखादं रोपटं तिच्यातल्या मातीत मूळ धरून दोन कोवळी पानं हलवत उभं राही.

तिची आजी पोफळीची. पोफळ उभी चिरून आतला गाभा कोरून काढला की पन्हळ तयार. बागांतून झऱ्याचं पाणी अशाच पन्हळींनी खेळवत असत. ती दोनचार पावसाळ्यांत कुजायची. मग ही पत्र्याची आली. हल्ली हिची धाकटी बहीण पीव्हीसीची. ती गंजत नाही, पण उन्हाला हळवी. नऊ मीटरची पन्हळ भर दुपारी तापली की सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांबते. सांध्यात तेवढी जागा सोडली नाही तर धनुकलीसारखी वाकते, आणि आकडे लांब लांब मारले तर मधेच पोट सोडते.

पन्हळ नसली तर काय होतं ते मागच्या पडवीला दिसायचं. तिथे पागोळ्या थेट अंगणात पडत. ऐकायला गोड, पण प्रत्येक पागोळीने जमिनीत आपला खड्डा पाडलेला. खड्ड्यांची सरळ ओळ, आणि त्यातून उडालेल्या चिखलाने जोतं कमरेएवढं लाल झालेलं. तिथली मातीची भिंत दर वर्षी थोडी थोडी ढासळे. पुढची भिंत शाबूत होती ती या दुर्लक्षित बाईमुळे.

तिचं काम किती होतं याचा हिशोब मी पुष्कळ वर्षांनी केला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमच्या पुढच्या छपराची उतरण जमिनीवर मोजली तर तीस बाय पंधरा फूट, म्हणजे साधारण बेचाळीस चौरस मीटर. जोराच्या सरीत मिनिटाला एक मिलिमीटर पडतो. म्हणजे मिनिटाला बेचाळीस लिटर, जवळजवळ तीन बादल्या. कोकणात दिवसाला दोनशे मिलिमीटर पाऊस हे काही नवल नाही. त्या दिवशी ही पत्र्याची काठी साडेआठ टनांच्या आसपास पाणी वाहून नेई, आणि तेही हूं की चूं न करता. कारण साधं होतं. येईल ते ती लगेच देऊन टाके. तीस फुटांत तिला तीन इंच उतार दिलेला होता, त्यामुळे कुठल्याही क्षणी तिच्या अंगावर थोडंच पाणी असे.

पण तिचं तोंड बंद झालं तर? काठोकाठ भरलेली अशी पन्हळ ऐंशी लिटरच्या वर पाणी धरते. म्हणजे ऐंशी किलो, वर भिजल्या पानांचा आणि मातीचा भार वेगळा. तीन-तीन फुटांवर आकडे असले तर एकेकाच्या वाट्याला आठ-नऊ किलो येतात. आकडा धडधाकट असेल तर तेवढं तो सोसतो. पण एक गंजका आकडा सुटला की त्याचा भार शेजारच्यावर, तो सुटला की त्याच्या शेजारच्यावर.

आषाढातल्या एका रात्री हे आम्ही ऐकलं. पडवीच्या टोकाला तिच्या तोंडाखाली पाण्याचं पिंप असे, आणि रात्रभर त्यात धो धो धार पडे. त्या आवाजात आम्ही पोरं झोपत असू. त्या रात्री जाग आली ती आवाज थांबल्यामुळे. बाहेर पाऊस कोसळतोय आणि पिंप गप्प. काका अंथरुणात उठून बसले. "तुंबली," एवढंच म्हणाले. ते कंदील घेऊन दारापर्यंत जातात तोच कर्रर्र झालं, मग एक आकडा उडाल्याचा टण्णकन आवाज, आणि मधली दहा फूट पन्हळ पाण्यासकट अंगणात आली. येताना चार कौलंही घेऊन आली.

सकाळी काकांनी तिचं तोंड मोकळं केलं. फणसाच्या पानांचा काळा लगदा, चिमणीचं घरटं, कौलाचा तुकडा, आणि या सगळ्यांच्या पुढे, तोंडात बरोब्बर बसलेला माझा रबरी चेंडू. मे महिन्यात मी तो छपरावर मारला होता आणि 'हरवला' म्हणून सांगितलं होतं. काकांनी चेंडू माझ्या हातात दिला. "तिचं काय चुकलं रे? आपण चढून बघितलं नाही," म्हणाले. मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून पन्हळीबद्दल माझं मत पक्कं आहे. पावसाने ती मोडत नाही, थांबलेल्या पाण्याने मोडते. साचलेल्या पाण्याने तिचा पत्रा आतून सडतो, आणि आठ-दहा दिवसांत त्यात डासांची पैदास होते ती वेगळीच. तोंडाला जाळी बसवावी, पण जाळी बसवली म्हणून चढणं सुटत नाही. पानं जाळीवर बसतात, एवढाच फरक.

म्हणून सांगतो, मृग लागायच्या आत एकदा शिडी काढा, आणि श्रावणात उघडीप मिळाली की पुन्हा एकदा. शिडी भिंतीला टेकवा. पन्हळीला टेकवू नका, माणसाचं वजन पेलायला ती जन्मलेली नाही. हाताने पानं काढा, एकेक आकडा हलवून बघा, हलला तर तिथल्या तिथे बदला. शेवटी वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओता. पाणी खालच्या तोंडाने सगळं बाहेर पडलं तर खुशाल खाली उतरा. मधे कुठे चमकत राहिलं, तर तिथे उतार चुकलाय, तेवढा भाग सुतळी धरून पुन्हा बांधा. आणि घरात पोरं असतील, तर हरवलेल्या चेंडूंची चौकशी आधी करा.