पाटी नसलेली बाटली

पुणेकराला पाटी लावल्याशिवाय चैन पडत नाही, हे मी एक पुणेकर या नात्याने अभिमानाने सांगतो. बेल किती वेळा वाजवावी, फाटकासमोर गाडी लावणाऱ्याचे काय होईल, दुपारी एक ते चार या वेळात आपली अडचण आपल्यापाशीच का ठेवावी, शेजारचे जोशी ते हे जोशी का नव्हेत, या सर्व विषयांवर आमच्या शहरातल्या भिंती फार स्पष्ट बोलतात. लोकांना या पाट्यांत तुसडेपणा दिसतो. मला त्यांत थोडा परोपकारही दिसतो. पाटी लावणारा माणूस येणाऱ्या अनोळख्याचा विचार करीत असतो. मी घरी नसेन, आपली ओळख नसेल, तरी तुला जे कळायला हवे ते इथे लिहून ठेवले आहे, असे ती पाटी म्हणत असते.

म्हणूनच मला नवल वाटते, की याच शहरातल्या विद्येच्या आवारांत, जिथे लिहिणे नि वाचणे हाच सर्वांचा धंदा, तिथे पाटी नसलेल्या बाटल्या सापडतात.

मी एका महाविद्यालयाच्या रसायनशाळेचे भांडार बरीच वर्षे सांभाळले. भांडारपाल विद्येच्या मंदिरात असला तरी त्याची जागा गाभाऱ्यात नसते. तो कोठीघरातला माणूस. पण कोठीघरातल्या माणसाला एक गोष्ट कळते, जी गाभाऱ्यातल्यांना कळतेच असे नाही: घरात कोणती वस्तू किती दिवसांपासून पडून आहे, ती!

विद्यापीठ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे बाग उभी राहते. गणेशखिंडीतल्या ४११ एकरांच्या आवारात सकाळी फिरायला जाणाऱ्याला वडाच्या पारंब्या दिसतात, एकोणिसाव्या शतकात गव्हर्नरसाहेबांसाठी बांधलेल्या इमारतीचा मनोरा दिसतो. विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले, २०१४ साली त्याला सावित्रीबाई फुल्यांचे नाव लाभले, हेही त्याला ठाऊक असते. पण हे एक कामाचे ठिकाण आहे, इथे माणसे कारखान्यातल्यासारखीच हातापायांनी कामे करतात, हे त्याच्या मनात येत नाही. पुण्यात अशी आवारे तरी किती! पाषाणला १९५० साली उघडलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, तिथेच पुढे आलेली ‘आयसर’ आहे, संगमाजवळचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शिवाजीनगरचे कृषी महाविद्यालय आहे. अशा आवारांत एका खोलीत लेथ फिरत असते, दुसरीत वायूची नळकांडी उभी असतात, तिसरीत काचेच्या बशांतून जंतू वाढत असतात, चौथीत फवारणीची औषधे असतात. आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात शेकडो माणसांची आमटी उकळत असते.

कारखान्याचे एक बरे असते. तिथे रोज तेच काम, तीच यंत्रे नि बहुधा तीच माणसे. १९४८ च्या कारखाने कायद्यात १९७६ साली अशी तरतूद आली, की जिथे हजार किंवा अधिक कामगार असतील तिथे सुरक्षा अधिकारी नेमावा. विद्येच्या आवाराचा मामला निराळा. इथला प्रत्येक संशोधक म्हणजे एक स्वतंत्र कारखाना. आज जे केले तेच उद्या केले तर त्याला संशोधन कोण म्हणेल? आणि इथले कामगार, म्हणजे विद्यार्थी, दर दोन-तीन वर्षांनी पार बदलतात. कामाची सवय होते न होते तोच पदवी हाती पडते नि स्वारी चालती होते. मागे राहतात त्या बाटल्या.

अशा ठिकाणी सुरक्षितता कुठे राहते? माझा अनुभव असा, की ती फार करून एखाद्या परिचराच्या डोक्यात राहते. आमच्याकडच्या परिचरांना सगळे ‘मामा’ म्हणत. मी भांडार हाती घेतले तेव्हा मामा निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती. पण त्यांची कीर्ती मागे उरली होती. हे कपाट उघडताना नाक बाजूला ठेवा, त्या नळाखाली पितळी भांडे ठेवू नका, अशी त्यांची वचने जुने प्राध्यापक कौतुकाने सांगत. वचने सांगत, पण त्यांमागचे कारण कुणालाच ठाऊक नसे.

भांडाराची मोजदाद करताना तिसऱ्या कपाटाच्या तळाशी मला एक बाटली दिसली. तिच्यावरची चिठ्ठी कसरीने खाल्लेली. आत हळदीसारखे पिवळे खडे, आणि झाकणाच्या कडेलाही पिवळी पूड साचलेली. एकाने सांगितले डायक्रोमेट असेल, दुसऱ्याने सांगितले गंधक, तिसरा म्हणाला, उघडून बघू या की! मी मामांना सासवडला फोन लावला.

“पिवळे खडे आहेत मामा, चिठ्ठी गेलीय.”

“कुठल्या फळीवर?”

“तिसऱ्या कपाटात, अगदी खाली.”

मामा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “साहेब, हात लावू नका तिला. पिक्रिक आहे ते. जीवशास्त्रवाल्यांनी कधीतरी आणून ठेवलेलं. दर मे महिन्यात मी तिच्यात पाणी घालायचो.”

“पाणी कशाला?”

“माझ्या आधीच्या गड्यानं सांगितलं होतं, ही बाटली तहानलेली ठेवायची नाही.”

पिक्रिक आम्ल हे पेशींच्या पातळ कापांना रंग देण्यासाठी वापरतात. ओले असेपर्यंत ते बिचारे निमूट असते. वाळले की ते स्फोटक होते. घर्षण, धक्का, उष्णता यांतले काहीही त्याला पुरते. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांत हेच भरीत. १९१७ च्या डिसेंबरात कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात जे जहाज उडाले नि ज्याने जवळजवळ २,००० माणसे मारली, त्याच्या पोटात याचेच मोठे साठे होते. आमच्या बाटलीत मूठभरच होते. पण झाकणाच्या आट्यांत ते वाळून बसले होते, आणि कुणीतरी ‘उघडून बघू या’ म्हणतच होते. आम्ही खोलीला कुलूप लावले, दारावर जाड अक्षरांत पाटी लावली आणि पोलिसांना कळविले. बॉम्बशोधक पथकाची माणसे येऊन ती बाटली घेऊन गेली.

चार मे महिने ती बाटली तहानलेली राहिली होती. मामांनी वर्षानुवर्षे जे काम केले त्याची नोंद कुठल्याही वहीत नव्हती, त्यांच्या कामाच्या यादीतही नव्हती. आवाराची सुरक्षितता दरसाल एका तांब्याभर पाण्यावर उभी होती आणि ते पाणी घालणारा माणूस आम्ही सत्कार करून घरी पाठविला होता.

रसायनांचे म्हातारपण असे चमत्कारिक असते. माणूस वयाने निवतो; ईथर वयाने तापट होते. अर्धी वापरलेली बाटली हवा लागून पडून राहिली की तिच्यात पेरॉक्साइडे तयार होतात, आणि ते ईथर कुणी आटवायला घेतले की तळाशी उरलेला अर्क स्फोट पावतो. म्हणून बाटली कधी उघडली त्याची तारीख तिच्यावर लिहायची असते. आणि आपल्या नाकावरही भरवसा ठेवता येत नाही. किपच्या उपकरणातून निघणारा सडक्या अंड्यांचा वास ज्यांनी घेतला आहे, अशा विज्ञानाच्या पदवीधरांना आठवत असेल: थोड्या वेळाने वास येईनासा होतो. वायू गेलेला नसतो. नाक बधिर झालेले असते. वायू फार झाला तर ते लगेचच बधिर होते. धोक्याशी आपला घरोबा हा असाच होतो.

सरकारी नि निमसरकारी कचेऱ्यांत ‘डेडस्टॉक’ नावाचे एक रजिस्टर असते. टेबले, खुर्च्या, तराजू, उपकरणे, सारे त्यात. आता ‘डेड’ म्हटल्यावर त्याची भीती कुणाला वाटणार? पण दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले एक उपकरण पाहा. १९७० च्या सुमारास ते कॅनडाहून आणलेले. त्यात कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी द्रव्य. १९८५ नंतर त्याचा वापर थांबला. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी ते फोडले. एकाने तर त्यातला छोटा तुकडा पाकिटात घालून खिशात ठेवला. आठजणांना बाधा झाली आणि त्यांतला एक दगावला. कोबाल्ट-६० चे तेज सव्वापाच वर्षांनी निम्मे होते. म्हणजे चाळीस वर्षांत मूळच्या तेजाचा सुमारे दोनशेवा हिस्सा उरला असणार. तेवढाच एका माणसाच्या जिवाला पुरला. स्टॉक मेलेला नव्हता. त्याची आठवण तेवढी मेली होती.

या गोष्टीत मला सर्वांत खुपते ते हे, की ते द्रव्य काय आहे हे ज्यांना कळत होते ती विद्वान माणसे सुखरूप राहिली आणि ज्याला वाचायलाही काही मिळाले नाही तो भंगारवाला मेला. आवारातला धोका नेहमी उताराच्या दिशेने वाहतो: प्राध्यापकाकडून विद्यार्थ्याकडे, विद्यार्थ्याकडून परिचराकडे, परिचराकडून सफाईवालीकडे आणि तिच्याकडून कुंपणाबाहेर. जुलै २०१९ च्या सुरुवातीला पुण्यात आंबेगावला एका शिक्षणसंस्थेच्या आवाराची भिंत पावसात कोसळली. भिंतीपलीकडे मजुरांच्या झोपड्या होत्या. सहाजण गेले. त्या आवारात शिकण्याशी नि शिकवण्याशी त्यांचा काय संबंध होता?

बेसिनचेही तेच. नळ सोडला, बाटली उपडी केली, काम झाले असे विद्यार्थ्याला वाटते. पण पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेत जाते, मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीच्या धरणात शिरते आणि तिथून पुढे पंढरपूरला तिलाच चंद्रभागा म्हणतात. आषाढीला आपली आजी जिथे बुडी मारते तिथपर्यंत आपल्या बेसिनची वाट जाते. खरे म्हणजे अशा कचऱ्यासाठी जिल्ह्यातच, महागणपतीच्या रांजणगावला, खास सोय आहे. पण तिथे माल पाठवायचा तर तो काय आहे हे आधी लिहून द्यावे लागते. म्हणजे पुन्हा पाटीच!

आणि पाटी कशी लावावी हे आमच्या प्रयोगशाळांनी शिकावे ते पुण्यातल्या कचरा वेचणाऱ्या बायांकडून. १९९३ साली इथे ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. तिच्यातूनच पुढे घरोघरचा कचरा उचलणारी ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. या बायांनी शहराला एक साधे मागणे केले. वापरलेली सॅनिटरी पॅड नि लंगोट कागदात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आमचा उघडा हात नकळत त्यात जाणार नाही. पुडीत काय आहे ते त्या ठिपक्याने कळते, त्याला अक्षरओळखही लागत नाही. धोक्याच्या वाटेवर जो शेवटी उभा आहे, त्याला वाचता येईल अशी ती पाटी आहे.

मोठमोठ्या नियमावल्या असाव्यात, समित्या असाव्यात, आग विझवायची नळकांडी भिंतीवर असावीत आणि ती भरलेलीही असावीत. माझे मागणे मात्र कोठीघरातल्या माणसाला शोभेल एवढेच आहे. बाटलीवर चार गोष्टी लिहा: नाव, आल्याची तारीख, उघडल्याची तारीख, आणि तिला काय हवे-नको. आणि कुणी परिचर निवृत्त होणार असेल तर शाल-श्रीफळाच्या आधी एक दुपार त्याच्यासाठी राखून ठेवा. त्याच्याबरोबर एक तरुण माणूस नि एक कोरी वही द्या. दोघांनी कपाटांपुढून सावकाश फिरावे, मामांनी बोट दाखवावे, पोराने लिहून घ्यावे, आणि “पाणी कशाला?” हा प्रश्न तिथेच, मामा समोर असताना विचारून टाकावा.