कांजूरमार्गचें पावतीपुस्तक

प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें हिमालय नाहींतर रामेश्वर उभें राहतें. मी आज वाचकांस विक्रोळी व भांडुप यांच्या मधल्या कांजूरमार्ग स्टेशनावर उतरविणार आहें. येथें नामांकित देवालय नाहीं कीं किल्ला नाहीं. पश्चिमेस पूर्वीचा आग्रा रोड, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग. पूर्वेस कांजूरगांव, द्रुतगति महामार्ग, त्यापलीकडे मिठागरें आणि मुंबईचा कचरा. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली पहिली आगगाडी याच बाजूनें गेली.

गेल्या श्रावणांत भाचीच्या घरीं आठ दिवस मुक्काम होता. एके सायंकाळीं साखर आणावयास खालीं वाण्याकडे उतरलों, तों गणेशोत्सव मंडळाचीं तीन मुलें पावतीपुस्तक घेऊन उभीं. मला उद्योग नव्हताच. दुकानांची ती सारी रांग मी त्यांच्याबरोबर फिरलों. वाण्यानें पांचशें एक लिहविले, न्हाव्यानें एकशें एक. गिरणीवाला म्हणाला, "रोख नंतर न्या रे, मोदकांचें पीठ माझ्याकडचें." मांडववाल्यानें आगाऊ रक्कम मागितली नाहीं, हिशेब विसर्जनानंतर. छापखानेवाला अहवाल उधारीवर छापणार आणि त्याचे पैसे शेजारच्या दुकानांच्या जाहिरातींतून फिटणार, हें दरसालचें ठरलेलें. शेवटीं स्टेशनाच्या जिन्याशीं बसणाऱ्या फुलवालीनें एकवीस रुपये दिले आणि पावती मागून घेतली.

घरीं येऊन मीं बेरीज केली. रोख रक्कम खर्चाच्या निम्मीही भरत नव्हती. उरलेलें सर्व शब्दावर. या शब्दाला जामीन रोजच्या ओळखीचा. ज्याला उद्यां सकाळीं पुन्हां तोंड दाखवावयाचें आहे, त्याला बुडवितां येत नाहीं. मूर्तिकार, बॅंजोवाले, भजनी मंडळी, मुलांच्या नाटुकल्यांना पोषाख भाड्यानें देणारा, या सर्वांचे ते दहा दिवस या पतीवर चालतात.

ही रीत जुनी आहे. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा शिलालेख आहे. त्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायमचे ठेविले. दोन हजार दरमहा शेंकडा एक व्याजानें आणि एक हजार शेंकडा पाऊण व्याजानें. त्या व्याजांतून भिक्षूंच्या चीवरांची सोय व्हावयाची. राजाच्या जांवयानें विश्वास टाकला तो कारागिरांच्या पतीवर. पवईच्या पलीकडील डोंगरांतल्या कान्हेरीसही कल्याणच्या व्यापाऱ्यांचीं दानें कोरलेलीं आहेत.

अलीकडचें उदाहरण लालबागचें. १९३२ सालीं पेरू चाळीचा बाजार बंद पडला. उघड्यावर आलेल्या कोळ्यांनीं व व्यापाऱ्यांनीं कायमच्या जागेसाठीं नवस केला. जागा मिळाली, आणि १९३४ सालीं बसविलेला तो गणपति पुढें 'लालबागचा राजा' झाला. तो उत्सव बाजारांतूनच जन्मला.

परंतु कांजूरच्या त्या मुलांना यंदा काळजी होती. दुकानांची बैठी रांग पुनर्विकासांत जावयाची आहे. नव्या इमारतींतल्या गाळ्यांचें भाडें न्हाव्याला आणि गिरणीवाल्याला परवडेल असें कोणी म्हणत नाहीं. एका बांधकामवाल्यानें मंडळास सर्व वर्गणीहून मोठी देणगी देऊं केली आहे. अट एवढीच कीं कमानीवर नांव त्याचें. मुलांत दोन तट पडले. एक मला म्हणाला, "काका, नोकरी सांभाळून दारोदार फिरायचें, त्यांत दोन आठवडे जातात. तुम्हीच सांगा."

त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. शिवाय वर्गणीच्या आग्रहाचा कित्येक ठिकाणीं जुलूम होतो, हेंही मीं पाहिलें आहे. रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशीं मीं सांगितलें: "देणगी घ्यावयाची तर घ्या, पण पावतीपुस्तक बंद करूं नका. पांचशें एक देणारा रात्रीं मांडवांत येऊन आपल्या पैशांचें काय झालें तें पाहतो. चुकलें तर बोलतो, अडलें तर थांबतो. इमारत पुरी झाली कीं मोठा दाता दुसऱ्या उपनगरांत जाईल. मग मांडववाला कोणाच्या शब्दावर थांबेल?" त्यांनीं ऐकून घेतलें, काय ठरलें तें मला अजून कळलें नाहीं.

आपण सुशिक्षित मंडळी उत्सवांत आतां नुसता गोंगाट उरला म्हणून हळहळतों, आणि वाणसामान मात्र फोनवरून मागवितों. भाचीच्या घरीं साखर दहा मिनिटांत दारांत येते. तरी मी जिना उतरून गेलों होतों, म्हणून ही हकीकत सांगतां आली. वाचकांनींही अधूनमधून जिना उतरावा. निघतांना स्टेशनावर ती फुलवाली दिसली. तिनें पावती टोपलीच्या काठीं, पाण्याचा थेंब लागणार नाहीं अशी, खोंचून ठेविली होती.