हलक्या सायकलीचा हिशेब

सायकल हा विषय वार्षिकांत शोभण्यासारखा आहे कीं नाहीं, हें मला ठाऊक नाहीं. परंतु तिच्यापायीं माझ्या वडिलांचे चार हजार रुपये पणास लागले होते, म्हणून त्यांचा हिशेब मांडण्याचें धाडस करतों.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारें ४८०० किलोमीटरची सायकल-शर्यत पुरी केली. ती बातमी वाचून आम्हां किन्हवलीच्या पोरांचें रक्त सळसळूं लागलें. सरळगांवावरून जाऊन माळशेज घाट सायकलनें चढावयाचा, असा बेत ठरला. माझी सायकल डोंगरी बनावटीची, जाड टायरांची. किराणा दुकानांतल्या काट्याला टांगली तेव्हां ती साडेसोळा किलो भरली! ती हलकी करावी, या ध्यासानें मला ग्रासलें. त्या वर्षीं भात विकून आलेल्या पैशांतून बाबांनीं चार हजार रुपये माझ्या हातावर ठेवले आणि एवढेंच म्हणाले, "पोरा, पाण्यांत घालूं नको."

मीं पहिला खर्च केला तोच पाण्यांत गेला. मूळच्या ट्यूबा प्रत्येकीं सुमारें दोनशें ग्रॅमच्या होत्या. मीं मुंबईहून अतिशय पातळ अशा, सव्वाशें ग्रॅमच्या मागविल्या. दोन्ही मिळून दीडशें ग्रॅम वांचले. पुढच्याच आठवड्यांत आजीचें दम्याचें औषध आणण्यासाठीं शहापुरास गेलों. परततांना जवळच्या वाटेचा मोह झाला. शेताच्या बांधावर बाभळीचा कांटा पुढच्या चाकांत शिरला आणि थोड्याच अंतरावर मागच्यांत दुसरा. एक ठिगळ कसेंबसें लागलें. दुसऱ्यापुरतें सोल्यूशन उरलें नव्हतें. सायकल ढकलीत घरीं पोहोंचलों तेव्हां रात्रीचे नऊ वाजून गेले होते. आजी भिंतीला टेकून धापा टाकीत बसली होती. ती कांहीं बोलली नाहीं. बाबाहि बोलले नाहींत. मूळच्या ट्यूबा मीं त्याच रात्रीं पुन्हां बसविल्या.

त्यानंतर मात्र वहींत दोन रकाने आंखले: किती ग्रॅम उतरतील आणि त्यासाठीं किती रुपये जातील. प्रथम फुकटची काटछाट केली. स्टँड, साखळीवरचें आवरण व मागच्या आऱ्यांजवळची प्लॅस्टिकची चकती काढतांच पाऊण किलो भार गेला. मडगार्ड ठेवलें, आमच्याकडचा पाऊस ज्यानें पाहिला आहे त्याला कारण सांगावयास नको.

कार्बनच्या हँडलाचा मोह पुष्कळ दिवस सुटेना. तें शंभरेक ग्रॅम वांचविणार आणि माझी थैली रिकामी करून वर उधारी करविणार! सायकली घडविणारे अमेरिकन कारागीर कीथ बाँट्रेगर यांचें म्हणणें प्रसिद्ध आहे, कीं मजबूत, हलकें आणि स्वस्त यांपैकीं कोणतेंहि दोनच निवडावे. हलकें आणि स्वस्त असें हँडल मिळतहि होतें. पण घाट उतरतांना तें मोडलें तर दांत कोणाचे जाणार होते? पुढचा स्प्रिंगचा शॉकर अडीच किलोंहून जड. हवेवर चालणारा चांगला शॉकर बराच हलका असतो खरा, परंतु त्याची किंमत सबंध सायकलीच्या किंमतीशीं स्पर्धा करीत होती. तो रकाना मुकाट्यानें खोडला.

उरले टायर. मूळचे, तारेच्या कडेचे, प्रत्येकीं नऊशें ग्रॅमच्या घरांत होते. त्यांच्याऐवजीं घडी पडणारे, बेताच्या खांचांचे व अडीचशें ग्रॅमनें हलके असे घेतले. बहुतेक पैसे यांतच गेले, पण त्याचा पश्चात्ताप झाला नाहीं. चाकाच्या कडेचा भार पुढेंहि सरकतो आणि गरगर फिरतोहि. म्हणून वेग घेतांना तो जवळजवळ दुप्पट जाणवतो. संथ चढावर मात्र ग्रॅम तो ग्रॅमच, मग तो चाकांत असो वा खिशांत. तरीहि चढावर सायकल सुखानें चालूं लागली, तें श्रेय वजनापेक्षां कमी खांचांना व लवचिक रबराला अधिक होतें, असें मला वाटतें.

एक हिशेब मला फार उशिरां सुचला. मी ५२ किलो, सायकल आतां सव्वापंधरा, दप्तर व पाणी पावणेचार, एकूण ७१. त्यांतले सातशें ग्रॅम म्हणजे शेंकडा एक. तासाभराच्या चढावर बचत ती किती? अर्ध्या मिनिटाहून किंचित अधिक! दोन लिटरऐवजीं एकच लिटर पाणी घेऊन वाटेंत बाटली पुन्हां भरून घेतली, तर टायरांच्या दुप्पट भार विनामूल्य वांचतो. हें अगोदर कळलें असतें तर किती रात्रीं सुखानें झोंपलों असतों!

दिवाळीच्या सुट्टींत माळशेज चढलों. सोबत्यांच्या बराच मागें होतों, पण उतरलों नाहीं. निघण्यापूर्वीं उरलेल्या पैशांतून ब्रेकचे नवे पॅड घातले होते. ते उतारावर कामास आले. घरीं आल्यावर दीडशें रुपये बाबांना परत केले. त्यांनीं मागचें चाक उचलून हातानें फिरविलें, तें थांबेपर्यंत पाहिलें, आणि ब्रेक कसे लागले तेवढें विचारलें. दुसऱ्या दिवशीं त्या दीडशें रुपयांतून आणलेल्या सोल्यूशनच्या दोन नळ्या व ठिगळांची डबी दाराजवळच्या कोनाड्यांत, आजीच्या औषधाशेजारीं, ठेवलेली दिसली.