यादीतली ती एक

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत भाच्याने माझ्या संगणकावर एक खेळ टाकला आणि सुट्टी संपल्यावर तो आपल्या गावी निघून गेला. खेळ राहिला. (बहीण हे वाचणार आहे, म्हणून आधीच सांगतो, ऑफिसचं काम बुडवून खेळत नाही :-) )

'माउंट अँड ब्लेड: वॉरबँड' हे त्याचं नाव. २०१० सालचा खेळ. अंकारातल्या 'टेलवर्ल्ड्स'ने केलेला, म्हणजे मुळात एका नवरा-बायकोने सुरू केलेला उद्योग. चित्रं आजच्या मानाने ठोकळेबाज, चेहरे बटाट्याला नाक-डोळे लावल्यासारखे. २०२२ मध्ये 'बॅनरलॉर्ड' हा पुढचा खेळ पूर्ण स्वरूपात आला, पण माझ्या संगणकाला तो पेलायचा नाही.

तर कॅलरॅडिया नावाचा काल्पनिक मध्ययुगीन मुलूख. सहा राज्यं, सगळी एकमेकांच्या उरावर बसलेली. तुम्ही त्यात एकटे येऊन पडता. पहिल्याच गल्लीत एक दरोडेखोर अंगावर येतो. त्याला लोळवलं की एक व्यापारी तुम्हाला घरात घेतो आणि सांगतो, माझ्या भावाला पळवलंय, आधी गावोगाव फिरून पाच माणसं गोळा कर. इथून टोळी बांधायला सुरुवात.

गावातला गडी १० दिनारला मिळतो. मला वाटलं, स्वस्त आहेत, घ्या भरपूर! सुरुवातीला चाळीसेक माणसं बाळगता येतात. मी आठ-दहा गावं पालथी घालून चाळीस जमवली आणि थेट उत्तरेच्या किनाऱ्यावर समुद्री चाच्यांवर नेऊन घातली, कारण त्यांच्याकडचा लुटीचा माल चांगला असतो असं ऐकलं होतं. आमच्याकडे काठ्या, कोयते, विळे. त्यांच्याकडे ढाली आणि फेकायच्या कुऱ्हाडी. मी एफ-वन, एफ-थ्री दाबलं, म्हणजे 'तुटून पडा'. पोरं बिचारी आरडाओरडा करत धावली. तीन-चार मिनिटांत सगळं संपलं आणि मी कैदेत.

भाच्याला फोन लावला. तो पोट धरून हसला. मग म्हणाला, "मामा, तू माणसं जमवलीस, टोळी नाही."

पोराचं वय तेव्हा सतरा. पण ते वाक्य मला लागलं खरं.

मग त्याने फोनवर शिकवलं तसं पुन्हा केलं. दहा-बाराच माणसं घ्यायची. चाच्यांच्या वाटेला जायचं नाही, साध्या लुटारूंना गाठायचं. ते दगड मारतात, पण त्यात माणूस सहसा मरत नाही आणि आपली पोरं शिकतात. गुत्त्यांतून सोबती शोधायचे. त्यातला जेरेमस हा वैद्य पैसे न मागताच बरोबर येतो आणि माझ्या मते सुरुवातीच्या काळात दहा घोडेस्वारांपेक्षा जास्त मोलाचा आहे. त्याच्या शल्यकर्माची एकेक पायरी वाढवली की पडलेला माणूस मरण्याऐवजी नुसता जखमी होण्याची शक्यता ४ टक्क्यांनी वाढते. चार टक्के म्हणजे काय मोठं, असं मलाही वाटलं होतं. पण वाचलेला माणूस शिकलेला असतो, आणि त्याच्या जागी नवा आणला तर तो पुन्हा काठीपासून सुरुवात करणार! स्वतः प्रशिक्षणाचं कौशल्य घ्यायचं, म्हणजे रोज रात्री कच्ची पोरं आपोआप थोडी थोडी पक्की होतात. पोटाला चार प्रकारचं अन्न ठेवायचं, नुसती धान्याची पोती नाहीत. त्याने मनोधैर्य टिकतं. आणि लढाई लागली की टेकडी गाठायची, एफ-वन दोनदा दाबून पोरांना तिथे उभं करायचं आणि शत्रूला चढ चढून येऊ द्यायचं. हे शेवटचं जमायला मला महिना लागला. तोवर बोट सवयीने एफ-थ्रीकडेच जायचं.

आता तिच्याबद्दल.

या खेळात तुमच्या सैनिकांना नावं नसतात. सोबत्यांना असतात, पण बाकीच्यांचा नुसता आकडा. 'स्वाडियन रंगरूट: ७', 'पायदळ: ४' असं. एका लुटारू टोळीच्या कैदेतून सोडवलेल्या लोकांत एक शेतकरीण होती. घेतली बरोबर. यादीत 'शेतकरीण: १'. तिच्या ओळीत दुसरं कुणी आलंच नाही, म्हणून ती मला ओळखू यायला लागली. प्रत्येक लढाईनंतर मी आधी तीच ओळ बघायचो. जखमी झाली की टोळी शहरात नेऊन दोन दिवस मुक्काम. भाचा म्हणायचा, मामा वेळ घालवतोयस. असेल. पण त्या मुक्कामांत बाकीचेही बरे व्हायचे, आणि माझी टोळी मोडेनाशी झाली ती तेव्हापासून.

शेतकरणीची चार पायऱ्यांनी 'स्वोर्ड सिस्टर' होते. घोड्यावर, चिलखत, हातात तलवार. तिथवर पोचायला तिला माझे सगळे पावसाळी रविवार लागले. ज्या दिवशी तिला शेवटची बढती दिली, त्या दिवशी मी बायकोला बोलावून दाखवलं. ती "बरं" म्हणाली आणि कुकर बंद करायला गेली.

मग नाव वाढलं, आणि नाव वाढलं की टोळीची मर्यादाही वाढते. एका राजाच्या पदरी राहिलो. एकशेवीस माणसं झाली. यादी पडद्यात मावेना, खाली सरकवावी लागे. एका रात्री कंटाळा आला म्हणून एका लहानशा लढाईत मी स्वतः उतरलो नाही, तुम्ही जाऊन मारा असा हुकूम सोडला. जिंकलो. पाच-सहा मेले, आकडा बघून पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी पगाराचा हिशेब बघताना ती ओळ दिसली नाही. यादी चार वेळा वर-खाली केली.

भाच्याला सांगितलं. तो आता कॉलेजात आहे, हसला नाही. म्हणाला, "मामा, आदल्या रात्रीचं सेव्ह असेल ना, ते उघड."

होतं. पण उघडलं नाही. का, ते नीट सांगता येणार नाही. बहुधा मरणापेक्षा मला ते दिवसभर कळलंच नाही याची लाज जास्त वाटली, आणि ती काही सेव्ह उघडून गेली नसती.

नवा खेळ सुरू केला आहे. सध्या नऊ माणसं आहेत. जेरेमस अजून सापडलेला नाही, तीन शहरांतले गुत्ते झाले शोधून.