चोर्ल्याच्या वाटेवर

बेळगावहून जांबोटीची गाडी किणये ओलांडून पुढे गेली, की हवा गार लागते आणि माझे माहेर जवळ आल्यासारखे वाटते. हाच रस्ता पुढे कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गोव्यात जातो. तिकडे पणजीत माझा मुलगा शिकतो. मी मधे, बेळगावात, शाळेत शिकवते. निवृत्तीला सहा वर्षे राहिली आहेत.

जून २०२३पासून कर्नाटकातल्या आम्हा बायकांना साध्या सरकारी गाडीला तिकीट लागत नाही. गोव्याच्या गाडीला लागते. घरी चेष्टा चालते, "आईकडे फुकट, लेकाकडे पैसे!" मागच्या श्रावणात मात्र ही चेष्टा कुणाला सुचली नाही.

बाबा अंगणातल्या शेवाळावरून घसरले. खुबा मोडला, उजवे मनगटही. बेळगावात ऑपरेशन झाले. बाबांनी आयुष्यभर साठवलेले पैसे होते; पण सगळे त्यांच्या एकट्याच्या नावावर, आणि हात प्लास्टरमध्ये. अंगठ्यासाठी, कागदांसाठी खेपा घालण्यात आठ दिवस गेले. त्याच आठवड्यात मुलाची फी आली. मी माझ्या प्रॉव्हिडंट फंडाला हात घातला. रात्री हिशेब मांडला तेव्हा कळले, दोन्हीकडची सोय झाली, ती माझ्या म्हातारपणातून.

दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊनच गावी गेले. पडवीत बसून मी म्हटले, बेळगावात मोठे घर भाड्याने बघते आहे, तुम्ही दोघे तिकडेच या. बाबा म्हणाले, "काजूची बाग विक, नातवाचं शिक्षण होऊंदे." आई तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "बाग, घर सगळं ठरवलात. मला कुठं राहायचं, ते विचारलंस काय गे?"

खरेच, विचारले नव्हते. आईला गाव सोडायचे नव्हते. तिला हवे होते घरात कमोड, न्हाणीत धरायला दांडी, अंगणातली फरशी खडबडीत करून आणि सकाळी दोन तास कामाला एक बाई. वहीत मांडले, तर हा सगळा खर्च शहरातल्या जादा भाड्याच्या निम्माही होईना. बागही राहिली.

दुसऱ्या दिवशी खात्यांचे काम केले. वारस म्हणून आईचे नाव होतेच. पण वारसाचा उपयोग माणूस गेल्यावर. आजारपणात उपयोगी पडते ते दोघांपैकी कुणाच्याही सहीने चालणारे जॉइंट खाते. वाचकांपैकी कुणाचे आई-वडील सत्तरी-पंचाहत्तरीचे असतील, तर हे काम धडधाकट असतानाच उरकून घ्या.

मग पुढची गाडी धरली. कणकुंबीला मलप्रभेचा उगम. ती पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. याच तालुक्यातल्या डोंगरातली म्हादई मात्र पश्चिमेला वळून, मांडवी होऊन पणजीला समुद्र गाठते. पाणी दोन्हीकडे जाते, कारण पावसाळ्यात डोंगर ते आधी आपल्यात मुरवून घेतो. खिडकीतून बघताना मनात आले, आपण तेवढेच विसरतो.

पणजीत मुलापुढे वही उघडली. माझा पगार, आजोबांचा दवाखाना, काढलेला फंड, सगळे आकडे त्याने पहिल्यांदाच पाहिले. राहिलेल्या दोन वर्षांसाठी शैक्षणिक कर्ज घ्यायचे ठरले. हप्ते बहुधा शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते. शिकवण्या घेऊन ते व्याज तो भरणार आहे. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "आधी का नाही सांगितलंस?"

मुलांपासून झाकतो ती काटकसर, आई-वडिलांपासून झाकतो ती काळजी. झाकण्याला आपण माया समजत होतो, एवढेच.

आता वहीत तीन पाने आहेत. पहिले आई-बाबांचे, दुसरे मुलाचे. तिसऱ्यावर माझे नाव आहे. दर महिन्याच्या एक तारखेला आधी त्या पानावर थोडी रक्कम पडते, मग बाकीचे. या रविवारी जांबोटीची पाळी आहे. न्हाणीतली दांडी पक्की बसली का, ते हलवून बघायचे आहे.