शेगडीची जागा उघड्यावर



आमच्या मुलाला गेल्या वर्षी नोकरी लागली. पहिल्या पगारात त्याने आजीला साडी घेतली, आईच्या हातावर पैसे ठेवले आणि मग हळूच माझ्याकडे विषय काढला. "पप्पा, एक बार्बेक्यू घेऊया का? पाय मिटतात, पिशवीत घालून कुठेही नेता येतो."

मोबाइलवरचे चित्र त्याने आजीलाही दाखवले. आईने चष्मा लावून नीट पाहिले आणि म्हणाली, "अरं, ही तर आपली शेगडीच की! हिला एवढं पैसं?"

आईचे काही चुकले नव्हते. खाली निखारे, वर जाळी आणि मधून वारा खेळायला वाट, एवढाच हा सगळा प्रकार. बार्बेक्यू हा शब्द आपल्याला साहेबी वाटतो. पण तो कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो या मूळ रहिवाशांच्या भाषेतून स्पॅनिश लोकांनी उचलला. लाकडांची माची करून तीवर मांस-मासळी ठेवायची आणि खालून जाळ द्यायचा, अशी त्यांची रीत होती. आपल्या घरांतही ती होतीच. माझी आजी चुलीतले निखारे पुढे ओढून त्यावर चान्या भाजायची. त्या वासाने आम्हा पोरांच्या तोंडाला पाणी सुटे आणि गावातली काही माणसे नाकाला पदर लावून जात. आज तोच धूर हॉटेलात गेला की लोक रांगा लावून पैसे मोजतात! म्हणून मुलाची हौस मला मोडायची नव्हती. पण हो म्हणण्याआधी मी त्याला एकच प्रश्न विचारला, "पेटवणार कुठे?"

हा प्रश्न का विचारला, त्यामागे एक आठवण आहे.

1990 सालची थंडी. मी सातवीत होतो. माझी चुलती बाळंतपण होऊन घरात होती. रिवाजाप्रमाणे तिला शेक-शेगडी सुरू होती. वारा लागू नये म्हणून खिडकीत गोणपाट कोंबलेले, दार ओढलेले, बाजेखाली कोळशाची शेगडी. धूर अजिबात नव्हता, निखारे छान लाल फुललेले. संध्याकाळी आई पेज घेऊन गेली तर चुलती हाकेला ओ देईना. बाळ मान टाकून पडलेले. आईने आरडाओरडा केला. चौघांनी बाज उचलून अंगणात आणली. कोणी म्हणाले नजर लागली, कोणी म्हणाले बाहेरची बाधा, कोणी लिंबू आणायला धावले. नशीब एवढेच, की वस्तीत लसीकरणाला आलेल्या नर्सबाई अजून गेल्या नव्हत्या. त्या ओरडल्या, "लिंबू ठेवा बाजूला, गाडी बघा! हिला कोळशाचा वायू लागलाय!" तालुक्याच्या दवाखान्यात प्राणवायू दिला, तेव्हा दोघे वाचली. ते बाळ आज दोन लेकरांचा बाप आहे.

त्या वायूचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. मग शरीराला प्राणवायूच मिळत नाही. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, आणि झोपलेला माणूस तर जागाच होत नाही. आपण धुराला भितो आणि धूर गेला की निर्धास्त होतो. पण हा वायू बिनधुराच्या लाल निखाऱ्यातूनही निघत असतो आणि राखेखाली धुमसणाऱ्या कोळशातूनही. म्हणून "विझत आलीय, आता घरात आणू" हे म्हणणेसुद्धा धोक्याचे.

मुलाने सगळे ऐकून घेतले. आमच्या इमारतीची गच्ची मोकळी आहे. तिथे आणि गावी गेल्यावर अंगणात, याखेरीज कुठेही पेटवायची नाही, असे ठरले. मग आम्ही बाजारात गेलो.

दुकानात चकचकीत माल पुष्कळ होता. कारकुनाची सवय, मी एकेक वस्तू तपासून पाहिली. पत्रा बोटाने दाबला तर लवतो का? पातळ पत्रा दोन वेळच्या जाळातच वाकडा होतो. पाय उघडून फरशीवर ठेवली तर डुगडुगते का? तळाला वाऱ्याची भोके आहेत का आणि ती कमी-जास्त करता येतात का? कोळसा थेट तळावर न बसता आतल्या जाळीवर बसला पाहिजे, म्हणजे राख खाली पडते आणि निखाऱ्याला खालून वारा मिळतो. भाजायची जाळी निखाऱ्यापासून चार-पाच इंच वर असावी आणि तिच्या तारा इतक्या जवळ असाव्यात की बोंबील खाली पडू नये. जाळी स्टीलची घ्यावी. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी अन्नाखाली नको. आणि धरायच्या मुठी लाकडाच्या असाव्यात. झाकण असेल तर कोंबडीचे जाड तुकडे आतपर्यंत शिजतात. आम्ही मध्यम आकाराची, साधी, काळ्या रंगाची घेतली. सोबत लांब चिमटा घेतला. तो नसेल तर हात भाजलाच म्हणून समजा.

कोळसा लोणारी, म्हणजे लाकडाचा घ्यावा. दगडी कोळसा अन्नाखाली वापरू नये. रंग दिलेले लाकूड किंवा प्लायवूडचे तुकडेही नकोत. तयार वड्यांचा कोळसा मिळतो, तो सावकाश आणि एकसारखा जळतो. पेटवताना रॉकेल-पेट्रोल ओतायचे नाही, पेटलेल्यावर तर मुळीच नाही. कोळशाचा ढीग रचावा, आत कागदाचे बोळे ठेवून पेटवावे आणि पुठ्ठ्याने वारा घालावा. वीस-तीस मिनिटांनी कोळशावर राखाडी साय धरते, तेव्हाच भाजायला घ्यावे. आपली घाई इथेच नडते. ज्वाळेवर तुकडा बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो.

निखारे सगळीकडे पसरू नयेत, एका बाजूला सारावेत. मग एक बाजू कडक आणि एक मंद अशी मिळते. कोंबडीला चिरा देऊन दही, आले-लसूण, हळद, तिखट, मीठ आणि थोडे तेल लावून दोन तास ठेवावे. आधी कडक बाजूला रंग आणावा आणि मग मंद बाजूला झाकण ठेवून शिजवावे. हाडाजवळ लाली दिसली तर ताटात वाढू नये. कच्चे ज्या ताटात होते, त्याच ताटात भाजलेले ठेवू नये, पोट बिघडते ते यामुळेच. चरबी गळून भडका उडाला तर पाणी न मारता तुकडा बाजूला सरकवावा. बांगडा, वांगे, कणीस, रताळे, कांदा, काय वाटेल ते भाजा. शाकाहारी पाहुणा आला तरी शेगडी रिकामी राहत नाही.

पहिल्याच रविवारी मात्र आमची परीक्षा झाली. गच्चीवर निखारे फुलले, कोंबडी अर्धी झाली आणि अवकाळी पाऊस आला. मी खाली पाण्याची बादली आणायला गेलो होतो. वर येऊन पाहतो तर मुलगा आणि त्याचे दोन मित्र शेगडी जिन्याच्या वरच्या खोलीत घेऊन बसलेले आणि पाऊस आत येतो म्हणून दार लावलेले! माझ्यासमोर ती बाज उभी राहिली. मी दार सताड उघडले, तिघांना बाहेर काढले आणि शेगडी पावसात ठेवली. मुलगा म्हणाला, "पप्पा, पाचच मिनिटं तर झाली होती. धूरसुद्धा नव्हता." मी म्हणालो, "धूर तेव्हाही नव्हता." त्यावर तो काही बोलला नाही. एका मित्राने डोके जड झाल्याचे सांगितले. मोकळ्या हवेत आल्यावर त्याला बरे वाटले. उरलेली कोंबडी आम्ही घरी तव्यावर परतली आणि आईसह सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली.

दुसऱ्या दिवशी राख काढायला गेलो तर पत्र्याच्या आडोशाने भिजायचे राहिलेले दोन कोळसे हाताला कोमट लागले. म्हणून राख प्लास्टिकच्या बादलीत किंवा कचऱ्याच्या पिशवीत ताबडतोब टाकू नये. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून डबा बाहेरच ठेवावा, आणि राख पूर्ण गार झाल्यावरच टाकावी.

सांगायचे तात्पर्य, हौस जरूर करावी. पण ज्यांच्या घराला अंगण नाही, गच्ची नाही, त्यांनी शेगडी विकत घेण्याआधी जागा शोधावी. जाळी ठोकून बंद केलेली गॅलरी ही खोलीच असते, आणि खिडकी उघडी ठेवली तरी खोली ती खोलीच. भगिनींनो, थंडीत बाळंतिणीला ऊब हवी तर जास्तीचे पांघरूण द्या, पण तिच्या बाजेखाली कोळसा ठेवू नका. कोणाला चक्कर आली तर आधी मोकळ्या हवेत आणा, लगेच 108 ला फोन करा. बाधा-नजर उतरवण्यात वेळ घालवू नका.

आमची शेगडी आता दर महिन्याला गच्चीवर पेटते. आभाळ भरून आले की मुलगाच म्हणतो, "आज नको पप्पा, तवा आहे ना."