भट्टीतून आलेलं लाकूड

थर्मो-ॲशच्या, म्हणजे भट्टीत तापवलेल्या ॲश लाकडाच्या, फळ्यांचा गठ्ठा सोडला की वर्कशॉपभर वास सुटतो. जळकट, आंबूस, मागून काकवीसारखा गोडसर. ‘पॉलिश कसलं मारलंय?’ गिऱ्हाईक हमखास विचारतं. पॉलिशचा थेंबही नसतो. लाकडाच्या अंगातलंच ते बाहेर पडत असतं.

फिनलंडच्या थर्मोवूड पद्धतीत कठीण लाकूड १८५ किंवा २०० अंशांपर्यंत तापवतात. पेट घेऊ नये म्हणून भोवती वाफ. या तापमानाला पहिलं मोडतं ते हेमिसेल्युलोज. ॲश, बीच यांसारख्या लाकडात ते मुख्यतः झायलनच्या रूपात असतं, आणि त्याला ॲसिटिल गट लगडलेले असतात. ते सुटले की ॲसिटिक ॲसिड तयार होतं. व्हिनेगरमध्ये असतं तेच. मग हे ॲसिडच उरलेलं झायलन तोडायला हातभार लावतं. तुटून निघालेल्या साखरेतलं पाणी गेलं की होतं फरफ्युरल. मक्याच्या बुरकुंडापासून, उसाच्या चिपाडापासून कारखान्यात काढतात तेच हे रसायन. पाइनसारख्या मऊ लाकडात ॲसिटिल गट कमी, म्हणून आंबटपणाही कमी.

पाणी धरून ठेवणारं हेमिसेल्युलोज घटलं, की लाकूड पावसाळ्यात फारसं फुगत नाही. कोकणात बाहेरच्या कामाला हे फार मोलाचं. विक्रेते याला ‘केमिकल-फ्री’ म्हणतात, ते मला पटत नाही. बाहेरून काही घातलेलं नाही, एवढंच खरं. भट्टीत जमणारं तपकिरी, आम्लयुक्त पाणी प्रक्रिया केल्याशिवाय सोडता येत नाही, आणि साधं लोखंड त्यापुढे टिकत नाही म्हणून भट्टी आतून स्टेनलेस स्टीलची लागते.

फळीतही थोडं ॲसिड उरतंच. साधा स्क्रू मारला की गंज धरतो, भोवती काळपट डाग उमटतो. समुद्राकाठी मी ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचाच स्क्रू वापरतो, तोही आधी भोक पाडून, नाहीतर फळी टोकाला चिरते. पांढरा फेव्हिकॉलही सावकाश धरतो, कारण त्यातलं पाणी लाकूड पटकन पीत नाही. क्लॅम्प जास्त वेळ ठेवावे लागतात. करवतीचा भुसा कॉफीच्या पुडीसारखा बारीक, कोरडा. मास्क हवाच.

ज्या मोडतोडीने फुगणं कमी होतं, तीच ताकदही खाते. सेल्युलोजच्या साखळ्यासुद्धा थोड्या आखूड होतात, लाकूड ठिसूळ बनतं. वाकवायला गेलं की कुरकुरत नाही, एकदम काड्कन मोडतं. म्हणून डेकला, भिंतीवरच्या पट्ट्यांना खुशाल घ्या. झोपाळ्याच्या कड्या अडकवायला तुळई हवी असेल, तर मी सागच सांगतो.